आधी परत येऊ दे

बशीतल्या चहावर फुंकर मारायची, एक भुवई वर करायची आणि म्हणायचं, "आधी परत येऊ दे." तुम्ही कारखान्यात दिवस काढले असतील, तर असा एखादा माणूस तुमच्याही खात्यात असेल. दुरुस्तीला गेलेली मोटर असो, गावी गेलेला वेल्डर असो, नाहीतर हेड ऑफिसला गेलेला अर्ज असो, आमच्याकडच्या त्या गृहस्थांचं उत्तर हेच.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात ते फिटर होते आणि मी स्टोअरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक उघडून बसे म्हणून ते मला "पुस्तकवाले" म्हणत. त्यांचं घर बदलापूरच्या पुढे, बारवीच्या रस्त्याला, डोंगराच्या पायथ्याशी. थोडंसं भातशेत, शेताला बांध, आणि बांधापलीकडे लगेच जंगल. पीक भरात आलं की रानडुकरं उतरत. त्यांना हुसकायला दारात एक कुत्रा असे.

त्या कुत्र्याला नाव नसे. पहिल्यांदा डुकरामागे रानात जाऊन जो परत येईल, त्यालाच ते नाव देत. कसा परत आला, यावरून नाव ठरे. एक जण कुंपणापर्यंत भुंकत गेला आणि लगेच माघारी आला, त्याचं नाव हाफडे. दुसरा सकाळी चिखलाने माखून, लंगडत आला, तो ओव्हरटाइम. मग कुत्र्याला ओट्यावर घ्यायचं, गुळाचा खडा द्यायचा आणि बारशाला बाळाच्या कानात सांगतात तसं ते नाव त्याच्या कानात सांगायचं.

गेटबाहेरच्या टपरीवर यावरून वाद पेटे. समोर असत उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधले एक सिंधी शेठ. जीन्स शिवणाऱ्यांकडच्या चिंध्या गोळा करून ते आमच्याकडे यंत्रं पुसायला पुरवत.

"बिना नाम का कुत्ता!" शेठ म्हणत. "बुलाते कैसे हो?"

"'ये' म्हणतो. येतो."

"'ये' तो मैं रिक्षावाले को भी बोलता हूँ."

"तो येतो का?"

"नहीं आता."

"मग माझा कुत्रा बरा की."

शेठांच्या कुत्र्याचं नाव प्रिन्स. तो पंख्याखाली झोपे आणि बिस्किटं खाई. एकदा यांनी विचारलं, "शेठ, तुमचा प्रिन्स आजवर कुठल्या जनावराच्या मागे धावलाय?"

"घूस के पीछे," शेठ म्हणाले. जरा वेळाने, सरळ मनाचा माणूस असल्यामुळे, त्यांनी भर घातली, "मतलब, पहले घूस उसके पीछे थी."

त्या दिवशी आमचे फिटर इतके हसले, की चहा शर्टावर सांडला.

या नियमामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही पाना शोधत असल्यासारखं, पाठमोरं. मुलगी लहान असताना घरात एक पिल्लू आणलं होतं. तिने हौसेने त्याचं नाव मोती ठेवलं. पहिल्याच वर्षी तो डुकरामागे गेला आणि आला नाही. "पोर दारात बसून महिनाभर हाका मारायची. कुत्रा गेला, पण नाव घरातून जाईना," ते म्हणाले. "त्यापेक्षा आधी परत येऊ दे."

निवृत्तीनंतर त्यांच्या छातीच्या दुखण्याने उचल खाल्ली. मी रविवारी जाऊ लागलो. तोवर हाफडे आणि ओव्हरटाइम, दोघेही म्हातारे होऊन गेले होते. ओट्यावर त्यांची खाट असे आणि खाटेखाली तांबूस रंगाची, एक पाय पांढरा असलेली कुत्री. तिला अर्थातच नाव नव्हतं. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ऊन कलायला लागलं की ते खाटेवरून वाकून तिच्या गळ्यात दोरी अडकवत.

"बांधून ठेवली तर ती जाणार कधी आणि परत येणार कधी?" मी विचारलं.

"भात कापून होऊ दे."

"भात कापून झालंय. मी पेंढ्यावर पाय ठेवून आलो."

"मग वाल होऊ देत," ते म्हणाले आणि दोरीची गाठ पुन्हा तपासू लागले. "तुम्ही पुस्तक वाचा."

आतून त्यांच्या पत्नीचं, वहिनींचं हसणं ऐकू आलं.

वाल शेंगांवर आले, तेव्हा एका रविवारी मी तिथेच होतो. सूर्य डोंगराआड गेला होता. वालात खसफस झाली, कुत्री उठली, आणि झिजलेली दोरी तुटली. डुकरं बांध ओलांडून रानात शिरली, त्यांच्यामागे ती. भुंकणं वर वर जात राहिलं आणि मग थांबलं.

ते खाटेवरून उठले. काठी टेकत बांधावर गेले. मी मागोमाग होतो. "ये," त्यांनी हाक मारली. "ये... ये, ये." डोंगर त्या आवाजाला सरावलेला नसावा. हाक तशीच विरून गेली. ते माझ्याकडे वळले. दम लागला होता.

"पुस्तकवाले, काय हाक मारू?"

"कुठलंही नाव द्या आता."

"तिला कुठे ठाऊक आहे ते?"

अजूनही कोणी रिक्षाला "ये" म्हणून हाक मारली की माझी मान आपोआप डोंगराकडे वळते.

त्यानंतर ते रोज संध्याकाळी बांधावर उभे राहत, असं वहिनी फोनवर सांगायच्या. पुढे उभं राहवेना, तेव्हा बसत. थंडी संपायच्या आत ते गेले. शेठ कॅम्प तीनहून भेटायला आले, दारातल्या तुटक्या दोरीकडे बघून हळूच म्हणाले, "आयी?" वहिनींनी मान हलवली.

ती आली ती शिमग्याच्या सुमारास. कान फाटलेला, पांढरा पाय वर उचललेला. वहिनींनी मला बोलावून घेतलं. मी पोहोचलो तेव्हा ती ओट्यावर पडली होती.

"नाव ठरवून गेले होते," वहिनी म्हणाल्या. "उशिरा आली तर पेन्शन म्हणायचं, असं. मी सांगितलं तिच्या कानात."

मी हाक मारली, "पेन्शन."

तिने डोळेही उघडले नाहीत.

"त्या नावाला नाही उठत ती, भावजी," वहिनी म्हणाल्या. मग अगदी हलक्या आवाजात त्या म्हणाल्या, "ये."

ती उठली. आमच्या दोघांच्या मधून, कोणाकडेही न बघता, लंगडत शेतात उतरली आणि बांधावर गेली. तिथे काठीच्या टोकाने पडलेले खळगे अजून बुजले नव्हते. ते तिने हुंगले आणि त्यांच्याशेजारी बसून राहिली.

अंधारून आलं. "तिला परत बोलवा," मी म्हणालो.

वहिनींच्या मुठीत गुळाचा खडा होता.

"'ये' म्हटलं तर तिकडे गेली. आता काय म्हणून बोलवू, भावजी?"