फटीपलीकडचा कोपरा

कारखान्यात तिला सगळे जाळीवाली म्हणत. क्रेनचा हात असो की जिन्याचा कठडा, बाईंना त्यात त्रिकोणांची जाळीच दिसायची. संगणकावर ती वस्तूचे हजारो त्रिकोण पाडायची आणि वजन लटकवल्यावर कोपऱ्याकोपऱ्यावर किती ताण येतो ते काढायची. कोपऱ्यांवर हं! मधल्या जागेचं उत्तर संगणक आपण होऊन देत नाही, ते काढून घ्यावं लागतं.

आणि चाचणी विभागातले काका गेज चिकटवणार नेमकं मधेच. गेज म्हणजे ताण मोजणारी नखाएवढी पट्टी. काका एकतीस वर्षं तेच काम करत होते. पत्रा गुळगुळीत दिसला की चिकटवलीच पट्टी.

त्या दिवशी क्रेनच्या हाताच्या चाचणीत काकांच्या पट्टीने ताण एकशे एकोणीस दाखवला, जाळीवालीच्या कागदावर एकशे त्रेपन्न.

"चुकलं कोण?" साहेबांनी विचारलं.

"पट्टी वाकडी बसली असेल," ती फटकन बोलून गेली. "काकांचं वय झालं आता."

साहेबांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, उद्यापासून काका गोदामात.

जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडलाच नाही. ती पुन्हा पडद्यासमोर बसली. पट्टीला सर्वात जवळचा कोपरा शोधून तिने त्याचाच आकडा उचलला होता. जाळी फिरवून बाजूने पाहिली आणि कपाळावर हात मारला. क्रेनच्या हाताला दोन पत्रे, मधे बोटभर फट. जवळचा कोपरा फटीपलीकडच्या पत्र्याचा होता! शेजारच्या पोराचा ताप मोजून आपल्या पोराला औषध पाजण्यातलाच हा प्रकार.

मग काय, बाई पेटल्या. पट्टी खरोखर कोणत्या त्रिकोणात पडते ते शोधलं. त्याच्या तीन कोपऱ्यांवर एकशे बारा, एकशे वीस, एकशे एकतीस. जो कोपरा जवळ, त्याचा वाटा मोठा: पहिल्याचा निम्मा, दुसऱ्याचा तीन दशांश, तिसऱ्याचा दोन दशांश. बेरीज एकशे अठरा आणि वर थोडं!

"आलं! अहो, आलं!" रिकाम्या खोलीत ओरडून ती नव्या हिशेबाचा कागद घेऊन दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावली.

काका ब्लेडने पट्टी खरवडायच्या बेतात होते. साहेब शेजारीच उभे होते.

"काका, थांबा! पट्टी बरोबर आहे! भलत्याच पत्र्याचा कोपरा घेतला मी. चूक माझी, सगळी माझी!"

सगळा विभाग बघत होता, पण तिला कसली लाज! आनंद पोटात मावत नव्हता. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "गोदामाचं राहू द्या."

काकांनी ब्लेड खाली ठेवलं.

"माझं वय झालं, असं तू म्हणालीस ना," ते हळूच म्हणाले, "तेव्हा मलाही ते खरंच वाटलं होतं गं."