माझं ‘बेअर’, त्याचं भाषण

मंडळी, आज सकाळी सौंसरला शिक्षकांच्या मेळाव्यात होतो. माझा वीस वर्षांपासूनचा मित्र, इंग्रजीचा मास्तर, बोलायला उभा राहिला. विषय होता इंग्रजी क्रियापद ‘बेअर’.

ओझं वाहणं, सोसणं, मूल जन्माला घालणं, संत्र्याच्या झाडानं फळ धरणं, सगळ्याला एकच ‘बेअर’. आणि त्याचं नातं थेट आपल्या ‘भृ’ धातूशी, ज्यातून भार, भरण आले. हे सगळं मीच, संस्कृतच्या मास्तरानं, त्याला पांढुर्ण्यात माझ्या ओसरीवर समजावलं होतं. संत्र्याचं झाडही माझंच. माझं नाव मात्र एकदाही आलं नाही.

शेवटी म्हणाला, अस्वलाचं ‘बेअर’ही याच धातूचं. तेही मीच सांगितलेलं, पण चुकीचं. त्याचं मूळ वेगळं आहे, हे मला गेल्याच आठवड्यात कळलं.

टाळ्या घेऊन तो माझ्याजवळ आला. “पंडितजी, कसं झालं? उद्या लेख धाडून राहिलो मासिकाले. संस्कृतचं बरोबर हाय ना?”

“एकदम बरोबर,” मी म्हटलं.

पांढुर्ण्याची बस येईपर्यंत मी फार खूश होतो. घरी आल्यापासून फोन हातात घेऊन बसलो आहे. धोका त्यानं दिला, हे नक्की. पण आता मीही देऊन राहिलो का?