आबांचं 'किरकोळ'

माझ्या सासऱ्यांइतका संशयी डॉक्टर साऱ्या खानदेशात दुसरा झाला नसेल. एकाच पेशंटचा ताप ते दोन थर्मामीटरनी बघायचे, आणि दोन्ही जुळले की दोन्हींवर संशय घ्यायचे. औषध कंपनीचा माणूस फार हसतमुख असला तर त्याची गोळी लिहायचे नाहीत. "चांगल्या औषधाला एवढं हसावं लागत नाही," म्हणायचे. पारोळ्यातला त्यांचा दवाखाना वर्षानुवर्षं केवळ त्यांच्या डोक्यात चालला होता. बाहेरच्या बाकावर कोणी खोकलं, की आबा आतूनच त्याचं नाव सांगायचे, वर त्याच्या आजोबांचा दमाही.

सत्तर सालाच्या आसपास लग्न झालं आणि मीही डॉक्टर म्हणून त्या दवाखान्यात बसू लागले. धुळ्याच्या सुताराकडून खणांचं कपाट करून घेतलं आणि प्रत्येक पेशंटचं कार्ड लिहायला लागले: नाव, आजार, औषध. आबांनी कपाटाभोवती एक फेरी मारली. "सूनबाई, मला तोंड बंद ठेवता येतं. याला येईल?" मी हट्टानं त्यांनाही कार्डं लिहायला लावली. टायफॉइड असो की करट, आजाराच्या रकान्यात त्यांचा एकच शब्द: 'किरकोळ'. त्यावरून आमचा आठवडाभर अबोला झाला.

मग एका दुपारी एक गृहस्थ आले. आमच्या एका पेशंट मुलीचं स्थळ त्यांच्या पुतण्यासाठी चाललं होतं. मुलीला क्षय झाला होता आणि पूर्ण बराही झाला होता. ते सगळं मीच तिच्या कार्डावर नेटकं लिहिलेलं.

"पोरनी तब्येत बरी शे ना, डॉक्टरसाहेब?"

"उत्तम," म्हणून आबा हात धुवायला आत गेले. तेवढ्यात गृहस्थांनी आमच्या भोळ्या कंपाउंडरला गोडीत घेऊन कार्ड काढायला लावलं. मी एका बाईचं ब्लडप्रेशर बघत होते. उठेपर्यंत कार्ड त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते वाचलं, समाधानानं परत दिलं आणि गेले. मी पाहिलं, तर आबांच्या अक्षरात: 'किरकोळ'.

"माझं कार्ड कुठंय, आबा?"

"तुझी सगळी माझ्या ट्रंकेत आहेत. तिला कुलूप आहे."

त्याच संध्याकाळी मी कपाटाला कुलूप बसवलं. तेव्हापासून आबा कार्डावर खरं लिहू लागले, तेही माझ्यापेक्षा सविस्तर.

त्या मुलीचं लग्न झालं. काही वर्षांनी ती बाळाला घेऊन आली, आबांच्या पाया पडली. तोवर त्यांना माणसं नीट आठवेनाशी झाली होती. बराच वेळ तिच्याकडे पाहून त्यांनी मला हळूच विचारलं, "ही आपल्याकडचीच ना?"

मी हो म्हटलं. आबांनी तळहात एकमेकांवर चोळून ऊबदार केले आणि बाळाचं पोट तपासायला घेतलं.