सावरायला होणारा उशीर

परवा मी शाळेत घेते त्या खो-खोच्या सरावात एका मुलीचा घोटा मुरगळला. "सवय आहे बाई, मी नुसती रांगेत बसते," ती म्हणाली. खेळायच्या वयात आम्हीही रांगेत बसण्याला विश्रांती समजायचो आणि खो मिळाला की त्याच पायावर उसळायचो. सूज उतरली की पाय बरा झाला, असं धरून चालायचो. माझा घोटा असाच चारदा मुरगळला. आता सपाट फरशीवरही तो अचानक कलंडतो. स्नायू सावरायला येतो, पण क्षणभर उशिरा, आणि त्या क्षणात पायाखाली जमीन नसते.

"आज खेळायचं नाही," मी म्हटलं. ती रागाने बघत राहिली. वळताना माझा पाय कलंडला आणि मी खांब धरला. मग ती रेषेबाहेर जाऊन बसली, माझ्या पायाकडे बघत.