कार्बोरेटरवरचा आळ

कार्बोरेटर चौथ्यांदा खोलून, धुऊन, परत बसवून सोमलिंगनं गाडी सुरू केली. दोन मिनिटं ती शहाण्यासारखी चालली. मग एक ठेका चुकला, दुसरा चुकला, आणि सायलेन्सरमधून असा बार निघाला की शेजारच्या लेथवाल्यानं मशीन थांबवून विचारलं, "सोमाण्णा, वरात कुणाची हाय?"

उद्यमनगरात गॅरेज टाकून सोमलिंगला बत्तीस वर्षं झाली होती. शाळा सातवीत सुटली, पण कुठला सिलेंडर लंगडतोय ते तो रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचं ऐकून सांगायचा. आणि गणपतरावांची ही जुनी, लाल, दोन सीटची विलायती गाडी तीन आठवडे त्याचं नाक कापत होती. खरं तर ती आली होती नुसतं पेट्रोल गळतंय म्हणून. गळती पहिल्याच दिवशी थांबली आणि दुसऱ्या दिवसापासून हे सुरू. प्लग बदलले, टायमिंग तपासलं. शेवटी येऊन-जाऊन कार्बोरेटरच.

सकाळीच गणपतरावांनी बजावलं होतं, "संध्याकाळी येतो. परत बार काढला तर उद्या ट्रकवर घालून पुण्याला." गेली तर नुसती गाडी जाणार नव्हती, सोमलिंगचं नाव जाणार होतं.

घरातून चहा घेऊन आलेली त्याची बायको, बसव्वा, म्हणाली, "अवो, करंट कुठं गळतोय का बघितलासा? अंधारात दिसतोय म्हणून तुमीच सांगता की सगळ्यांना."

"तूच ऱ्हायली हुतीस शिकवायची."

पण चिडून का होईना, त्यानं शटर खाली ओढलं आणि मिनिटभर इंजिन चालू केलं. प्लगकडं करंट वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या काळ्या झाकणावर निळी रेघ पळाली. मग दुसरी. मग तिसरी. आडव्या, समांतर, बोटांनी ओढाव्यात तशा.

शटर वर गेलं. त्याच जागी झाकणावर भस्माचे तीन पट्टे होते. रोज लिंगपूजा झाली की ओल्या भस्माची तीन बोटं सोमलिंग दुरुस्तीला आलेल्या गाडीवर ओढायचा. बाकीच्यांना टाकीवर नाहीतर बॉनेटवर. हिचं दुखणं आत, म्हणून हिला आत.

"देवाला काय म्हणू नगा," बसव्वा हळूच म्हणाली.

"देवाला कोण म्हणतंय? अकलेला म्हणतोय माझ्या."

ओल्या भस्मावरनं करंट गळून झाकण रेघांवर जळलं होतं. जुन्या सामानात मापाचं दुसरं सापडलं. ते बसवल्यावर गाडी एकसारखी चालायला लागली.

गणपतराव आले, कान देऊन उभे राहिले. "शेवटी कार्बोरेटरचंच निघालं म्हणायचं दुखणं."

'व्हय' म्हटलं असतं तर सुटला असता. पण पूजा करून खोटं बोलणं त्याला जमेना. त्यानं सगळं सांगितलं.

"म्हंजे तीन आठवडं त्या कार्बोरेटरला शिव्या घातल्या, त्या फुकट?"

"व्हय, आबा."

"मर्दा, करंटच्या वाटंत देव बसवतोस व्हय." चावी घेऊन गणपतराव निघून गेले. ट्रकचं काही बोललेच नाहीत.

तासाभरानं गणपतरावांचा फोन आला. "बार न्हाय. पण जोतिबाच्या चढाला दम टाकतीया."

"कार्बोरेटर चारदा खोललाय मी, त्याचं सेटिंग हललं असणार."

"मग सकाळी आणतो. तूच बिघडवलंयस, तूच निस्तर."

"चालवतच आणा," सोमलिंग म्हणाला. "इंजिन गरम असल्याबिगार न्हाय कळत."