कागदावरचा एक जून

एक जूनला माझा फोन दिवसभर वाजतो. शाळेतली मुलं, जुने सोबती, बँक, विमा कंपनी, सगळे वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात आणि मी सगळ्यांना हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळा होतो. त्या दिवशी माझा वाढदिवस नसतो. पण आमच्या मराठवाड्यात एक जूनला इतकी माणसं जन्मलेली आहेत की त्या दिवशी सुइणींना पाणी प्यायलाही फुरसत मिळाली नसेल. बापाला तारीख आठवली नाही की गुरुजी एक जून लिहून टाकायचे. माझ्या बाबांना तारीख पाठ होती. त्यांनी ती मुद्दाम खोटी लिहायला लावली.

बाबा फुलंब्रीजवळच्या खेड्यातले. आखातात एका दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला होते. आई फिलिपिन्सची, तिथंच चादरींना इस्त्री करायची. माझा जन्म तिकडचाच. मी सात वर्षांचा असताना आम्ही कायमचे परत आलो आणि बाबा मला गावच्या शाळेत घेऊन गेले. मला मराठी येत नव्हती, म्हणून पहिलीत बसवायचं ठरलं. गुरुजींनी वय विचारलं.

"पाच लिवा की गुरुजी," बाबा म्हणाले. "उद्या सरकारी नोकरी लागली तर रिटायर व्हायला दोन वर्षं जास्तीची मिळत्यात."

गुरुजींना यात वावगं काही वाटलं नाही. त्यांनी स्वतःच्या पोरांचंही तेच केलं होतं. आखातातल्या शिक्क्याचा माझा खरा जन्मदाखला पत्र्याच्या पेटीत तळाला गेला. मला सरकारी नोकरी कधीच लागली नाही, हे आत्ताच सांगून टाकतो.

पुढं आम्ही शहरात मुकुंदवाडीला दोन खोल्या घेतल्या. गल्लीत आईचं नाव पडलं 'नेपाळीन'. पहिली दोन वर्षं ती प्रत्येकाला देश समजावून सांगायची, मग तिनं नाद सोडला. मराठी ती नळावरच्या भांडणांत शिकली, त्यामुळं ती चांगलीच धारदार होती. तिच्या देशात म्हणे घराला छप्पर नसलं तरी चालतं, पण दाराशी बास्केटबॉलची रिंग पाहिजे. नारळाच्या झाडाला ठोकलेली असली तरी चालते, माणसं स्लीपर घालून खेळतात. तिनं एका वेल्डरकडून सळई वाकवून घेतली आणि गल्लीच्या टोकाच्या भिंतीवर रिंग बसवली. गाऊन आणि स्लीपर घातलेली माझी आई रिंगमध्ये चेंडू टाकायची तेव्हा बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. चेंडू आत पडायचा. मला खेळ तिनं शिकवला, नंतर शाळेतल्या खेळाच्या सरांनी फक्त शिट्टी वाजवली.

एक जून तिनं कधी मानला नाही. माझा खरा वाढदिवस नोव्हेंबरातला. त्या दिवशी ती शेवया करायची, पण दुधातल्या नव्हे. कोबी, गाजर, कोंबडी घालून परतलेल्या. "शेवयात कोबी!" म्हणून शेजारीण दोन दिवस हळहळायची. शेवई तोडायची नाही, असा आईचा दंडक होता. जितकी लांब शेवई तितकं लांब आयुष्य. ती मला 'आनाक' म्हणायची, म्हणजे लेकरा.

खेळात त्या खोट्या तारखेनं मला हात दिला. पंधरा वर्षांच्या पोरांत मी सतरा वर्षांचा होतो. सकाळी गुळगुळीत दाढी करून मैदानावर जायचो. मला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही, चांगलं माहीत होतं. त्या वयोगटात आम्ही राज्याचं सुवर्णपदक आणलं, अंतिम सामन्यातले निम्मे गुण माझे होते. सरांनी मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि दोघंही पडलो. पुढं त्या पदकाच्या प्रमाणपत्रावर, खेळाडूंच्या कोट्यातून, संघातली तीन पोरं नोकरीला लागली. दोन पोलिसात, एक तलाठी. मी बाहेरच्या शहरांत क्लबांकडून करारावर खेळत राहिलो, कारण मला खेळाडूच व्हायचं होतं.

आईच्या फोनवर एक खेळाडू कायम असायचा. अमेरिकेत जन्मलेला, वाढलेला, आईबाप फिलिपिन्सचे. अमेरिकेतल्या मोठ्या लीगनं त्याला विचारलं नाही, म्हणून तो आईबापाच्या देशात खेळायला गेला. पहिल्या वर्षी तिथले प्रेक्षक त्याला भाषा येत नाही म्हणून हिणवायचे, तिसऱ्या वर्षी त्याच्या नावाच्या जर्सी घालून फिरायला लागले. त्या देशाच्या लीगमध्ये असे पुष्कळ जण आहेत. "त्याची आई आमच्या गावाकडची हाय," आई सांगायची. "त्याला आमची भाषा बी येत नव्हती, तरी घेतला. तुला का नाय घेणार?"

मी तेविसाव्या वर्षात होतो तेव्हा फिलिपिन्समधल्याच एका क्लबनं माझे व्हिडिओ पाहून पत्र पाठवलं. चाचणीला या, तुमची आई आमची आहे म्हणजे तुम्हीही आमचेच. सोबत जन्मदाखला आणि पासपोर्ट मागितला होता. आईनं ते पत्र तीनदा मोठ्यानं वाचलं. सोळा वर्षांत ती एकदाही माहेरी गेली नव्हती. तिनं बहिणीला फोन लावला, आणि बहिणीनं त्याच दिवशी आमच्यासाठी खोली झाडून ठेवली.

पेटीतला दाखला काढला. त्यावर खरी तारीख होती. पासपोर्ट दहावीच्या प्रमाणपत्रावरून काढलेला, त्यावर एक जून. कागदावर मी दोन वेगळी माणसं होतो. तारीख दुरुस्त करायची तर ती गावच्या शाळेपासून करावी लागणार होती.

कुठून तरी सरांना कळलं. ते घरी आले, चहाला हात न लावता बसून राहिले. मग म्हणाले, "तारीख बदलली की ते पदक खोटं ठरतंय. तीन घरं चालत्यात त्याच्यावर. तुझ्या एकट्यापायी त्यांना रस्त्यावर आणतो का?"

बाबा खाली मान घालून बसले होते. बोलली आई.

"सर, माझ्या पोराचं खोटं तुमाला इतकी वर्षं चाललं. आन आता खरं चालत नाय व्हय?"

सर उठून गेले. आईनं मला दुसऱ्या दिवशी सकाळी डबा बांधून दिला आणि गावच्या शाळेत पाठवलं.

बाई चांगल्या होत्या. मुख्याध्यापिका म्हणून नव्यानंच आलेल्या. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं, माझ्या वर्गातली एक जूनची रांग पाहून कपाळाला हात लावला आणि कोरा अर्ज माझ्यापुढं ठेवला. "भरून द्या, दाखल्याची प्रत जोडा. मी पुढं पाठवते." मी म्हणालो, प्रत काढून आणतो. झेरॉक्ससाठी फुलंब्रीला आलो तर चौकात बंदोबस्ताला उभा असलेला पोलीस आमच्या संघातलाच निघाला. त्यानं मला मिठी मारली, चहा पाजला, मोबाइलवर महिन्याभराच्या मुलीचा फोटो दाखवला. "तुझ्यामुळं झालं बाबा सगळं," म्हणाला. "त्या फायनलला तू नसतास तर आज म्या गवंड्याच्या हाताखाली असतो."

मी शाळेत परत गेलो नाही. कुणी याला त्याग म्हणू नये. त्याचं लेकरू डोळ्यांपुढं होतं हे खरं, पण मला भीतीही वाटली. पेपरात फोटो येईल, खाली 'वयचोर' लिहिलेलं असेल, गल्ली वाचेल. कोरा अर्ज घडी करून खिशात घातला आणि मी शहराची एसटी धरली.

आईला सांगितलं, अर्ज दिला. बाबांनी त्यावर कधी काही विचारलं नाही. क्लबाची आणखी दोन पत्रं आली, ती मी उघडलीच नाहीत. महिन्याभरानं तिला सांगितलं, त्यांनी नाही म्हटलं. तिनं कारण विचारलं. तोंडाला आलं ते बोललो: "उंची कमी पडली म्हणे."

तिनं मला चौकटीला टेकून उभं केलं, स्टुलावर चढली आणि शिलाईच्या टेपनं मोजलं. सहा फूट दोन इंच. पुन्हा मोजलं. "आमच्याकडं समदे काय ताडाची झाडं हायत व्हय?" असं ओरडली आणि स्टुलावरच बसून रडली.

त्यानंतर ती स्वतःच्या देशावर रुसली. दर रविवारी बहिणीचा फोन यायचा, तो ती उपडा ठेवायची. "ज्यांनी माझं लेकरू नको म्हटलं, त्यांच्याशी काय बोलू?" त्या खेळाडूचे सामने पाहणं तिनं सोडलं. गल्लीतल्या रिंगवर कुणी कपडे वाळत घातले तरी काही बोलेना. सहा वर्षं हे मी रोज पाहत होतो. रोज वाटायचं, आज सांगू. तिची मूत्रपिंडं गेली तेव्हा दवाखान्यात तिच्या उशाशी बसलो होतो. शेवटच्या आठवड्यात तिनं विचारलं, "खरंच उंची कमी पडली का रे आनाक?"

मी हो म्हणालो.

आता मी एका खासगी शाळेत करारावर खेळ शिकवतो. इथं निवृत्ती नाही की पेन्शन नाही. बाबांनी मिळवून दिलेली दोन वर्षं कुठं जमा करायची ते मला कुणी सांगितलेलं नाही. तो अमेरिकेतला खेळाडू परवा गुडघ्यापायी निवृत्त झाला, अख्खं स्टेडियम उभं राहिलं होतं. मी शिक्षकांच्या खोलीत फोनवर पाहिलं.

आई गेल्यावरचा पहिला नोव्हेंबर आला. माझ्या खऱ्या वाढदिवसाला सकाळी मावशीचा फोन आला. ही तारीख लक्षात ठेवणारं ते एकच माणूस बाकी होतं; बाबांना ती एकेकाळी पाठ होती, पण त्या दिवशी त्यांच्याही ध्यानात नव्हती. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिनं शुभेच्छा दिल्या आणि मग विचारलं, तुझी आई आमच्याशी का बोलेनाशी झाली? आम्ही तिचं काय वाईट केलं?

मी तिला सगळं सांगितलं. शाळा, रजिस्टर, पोलीस, न उघडलेली पत्रं, टेप, उशाशी बसून म्हटलेला हो. काहीही लपवलं नाही. पण मराठीत सांगितलं. मला इंग्रजी येते, तिला मराठीचा एक शब्द कळत नाही, हे मला बोलताना पूर्ण माहीत होतं.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी रडतोय एवढंच तिला कळलं. आईची आठवण येते ना, म्हणाली. रडू नकोस आनाक. आज शेवया खाल्ल्यास का?

गॅसवर मी पाणीसुद्धा ठेवलेलं नव्हतं. मी हो म्हणालो.