थांबा मिस्त्री

गाडी घेऊन आलेल्या माणसाला 'या, बसा' म्हणण्याची पद्धत आमच्या मिस्त्रींकडे नव्हती. गिऱ्हाइकानं इंजिन बंद करायच्या आत ते हात वर करून म्हणायचे, "थांबा!" मग गाडीखाली वाकून, सोयरीक बघायला आल्यासारखे गंजलेल्या बोल्टकडे निरखून बघत राहायचे. जळकोटला हायवेच्या कडेला, लिंबाखाली त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. खरं नाव आधार कार्डावर असेल ते असेल, आम्हा सीटा भरून फेऱ्या मारणाऱ्या वडाप जीपवाल्यांचे ते थांबा मिस्त्रीच.

जाम झालेला बोल्ट दिसला की बाकीच्यांचे हात शिवशिवतात. पान्याला पाइप घालायचा, अंगाचा भार टाकायचा, बोल्टचं डोकं गोल झालं की छिन्नी मारायची, नाहीतर सरळ कापून मोकळं व्हायचं. मिस्त्रींना हा गुन्हाच वाटायचा. ते तारेच्या ब्रशनं गंज काढायचे, डिझेलमध्ये ऑइल मिसळून थेंब थेंब सोडायचे आणि हातोडीनं चारी बाजूंनी हलकं ठोकायचे. "मारू न्हाय, जागं करावं," म्हणायचे. त्यानंतर वाट बघणं. शेवटी रिंग पाना लावून सोडायच्या ऐवजी ते आधी केसभर आवळायचे.

पहिल्यांदा ते बघून मी ओरडलोच होतो, "मिस्त्री, उलटं फिरवताय!"

"उलटं न्हाय रं दत्ता. गंजाची पकड आधी मोडली पायजे. एकदम सोडाया गेलं की तुटतंय."

निघालेला बोल्ट फडक्यानं पुसायचा, आटे बोटानं चाचपायचे, ग्रीस लावून त्याच जागी बसवायचा. माझ्या जीपला त्यांनी कधी नवा बोल्ट लावल्याचं मला आठवत नाही.

यात अर्धा दिवस सहज जाई. आम्ही चरफडायचो, पण बसायचो. मिस्त्री स्टोव्हवर चहा ठेवायचे आणि विचारायचे. अणदूरच्या खंडोबाच्या जत्रेला किती गर्दी होती, तुळजापुरात लॉज मिळालं का, पोरगी कितवीला गेली. स्वतःबद्दल विचारलं की "अल्ला का करम" म्हणून कप विसळायला उठायचे. भाभी वारल्यापासून ते दुकानाच्या मागच्याच खोलीत राहत. मुलगा इरफान पुण्याला कंपनीत होता. त्याचं फारसं येणं व्हायचं नाही.

एकदा माझ्या सायलेन्सरचा बोल्ट अडला. डिझेल सोडून झालं होतं, मी माठातलं पाणी प्यायला मागं गेलो. परत येताना पाहिलं, तर मिस्त्रींनी पाना लावला होता आणि बोल्ट मुकाट फिरत होता. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. दोन्ही बाजूंनी रस्ता मोकळा होता. मग त्यांनी तो बोल्ट पुन्हा आवळला, वर डिझेलचे चार थेंब सोडले आणि माझी चाहूल लागताच म्हणाले, "अजून दम न्हाय निघाला. बस, च्या ठिवतो."

मला राग यायला हवा होता. तुळजापूरची फेरी चुकणार होती. पण मी पोत्यावर बसलो आणि म्हणालो, "साखर जरा जास्त घाला."

त्यानंतर मी कधी घाई केली नाही. पण बाकीच्यांना कुठला वेळ? पुढं एक नवं गॅरेज झालं, तिथं हवेच्या बंदुकीनं क्षणात बोल्ट सुटायचे, तुटले तर नवे मिळायचे. लिंबाखाली गाड्या येईनाशा झाल्या. मी मात्र काही बिघडलेलं नसतानाही जीप तिथं उभी करायचो. मिस्त्रींनाही ते कळत असावं. ते हातोडी घेऊन उगाच चार ठोके द्यायचे.

मग इरफान आला आणि त्यांना पुण्याला घेऊन गेला. पोरगा वाईट नाही. बाप एकटा पडलाय, पडला-झडला तर कोण बघणार, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. निघताना मिस्त्री गाडीत पुढं बसले होते आणि पट्टा कसा लावायचा ते त्यांना कळत नव्हतं. मीच लावून दिला.

परवा दुपारी त्यांचा फोन आला. "समदं चांगलं हाय दत्ता. लिफ्ट हाय, चोवीस तास पानी हाय. पोरगा-सून सकाळीच कामाला जातेत." मग म्हणाले, "तुझ्या गाडीचं काय अडलंय का?"

जीप मी दिवाळीतच विकली होती. अंगणात तिच्या तेलाचे डाग तेवढे उरलेत. तरी म्हणालो, "व्हय मिस्त्री. लई जाम झालाय एक बोल्ट."

त्यांचा आवाज एकदम तरतरीत झाला. "जोर लावू नको हां! डिझेल सोड. सोडलंस?"

"सोडलं."

"आता ठोक. हळू."

मी जवळच्या तांब्यावर चमच्यानं हळूहळू ठोकलं.

"बास," ते म्हणाले. "आता भिजू दे त्याला. फोन ठिवू नको."

"न्हाय ठेवत."

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "जेवलास का?"